पॅकेज ४ लाख २० हजार, हातात २५ हजार ७५८: पहिलं ऑफर लेटर असं वाचा

पदवीचा निकाल लागतो, कॅम्पसमधून किंवा बाहेरून एखादी ऑफर येते आणि घरात एकच आकडा फिरतो: पॅकेज किती? हा आकडा वर्षाचा असतो, त्यात कंपनीचा तुमच्यावरचा सगळा खर्च धरलेला असतो, आणि खात्यात जमा होणाऱ्या रकमेशी त्याचं नातं बरंच लांबचं असतं. पहिली नोकरी निवडताना तीन गोष्टी कळायला हव्यात. दरमहा हातात किती येणार, तुम्ही नेमके कोणाच्या पगारपत्रकावर असणार, आणि दोन वर्षांनी त्या कामातून पुढची कोणती नोकरी मिळू शकते. तिन्हीची उत्तरं कागदावर सापडतात, फक्त कागद कुठला आणि तो कसा वाचायचा हे माहीत हवं.

आधी कॉलेजचा आकडा तपासा

प्रवेशाच्या वेळी किंवा कॅम्पसच्या हंगामात दिसणाऱ्या फलकावर दोन आकडे मोठे असतात: सर्वाधिक पॅकेज आणि सरासरी पॅकेज. दोन्हींवरून तुम्हाला काय मिळेल याचा अंदाज येत नाही. दहा मुलांपैकी नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला ३२ लाख मिळाले, तर सरासरी ६ लाख ३५ हजार निघते. त्या वर्गातल्या एकालाही सहा लाख मिळालेले नसतात. म्हणून विचारायचा तो मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा. वरच्या उदाहरणात तो साडेतीन लाखच आहे.

हा मध्यक शोधायला कोणाच्या मागे लागावं लागत नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये ‘प्लेसमेंट अँड हायर स्टडीज’ नावाचा तक्ता असतो. त्यात त्या तुकडीत किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण ठरलेल्या मुदतीत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती आणि किती जण पुढे शिकायला गेले, हे सगळं ओळीने दिलेलं असतं. सलग तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकच वर्ष पाहिलं तर भरतीच्या तेजीचं वर्ष तुमची दिशाभूल करील.

टक्केवारीतही एक गफलत असते. ‘८२ टक्के प्लेसमेंट’ यातले १०० टक्के कोण, हे विचारा. अनेक ठिकाणी फक्त ‘पात्र’ विद्यार्थी मोजतात, म्हणजे ज्यांचे सगळे विषय सुटलेत आणि दहावीपासून ६० टक्के आहेत असे. वर्गात १८० जण, त्यातले १०० पात्र आणि ८२ जणांना नोकरी, तर फलकावर ८२ टक्के येतात आणि खरा हिशेब ४६ टक्क्यांच्या आत बसतो. एकाच मुलाच्या दोन ऑफर दोनदा मोजल्या असतील तर तो आणखी खाली जातो.

सीटीसीची फोड: एक उदाहरण शेवटपर्यंत

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा सगळा खर्च, ज्याला आपण पॅकेज म्हणतो. पुण्यातल्या एका खासगी कंपनीची वर्षाला ४,२०,००० रुपयांची ऑफर घेऊ. महिन्याला ३५,००० झाले. ऑफर लेटरला जोडलेल्या पानावर त्याची फोड साधारण अशी दिसते:

- बेसिक, म्हणजे मूळ वेतन: १७,५००
- घरभाडे भत्ता, बेसिकच्या ४० टक्के: ७,०००
- स्पेशल अलाउन्स: ३,५५८
- कंपनीचा पीएफ हिस्सा, बेसिकच्या १२ टक्के: २,१००
- ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम), बेसिकच्या ४.८१ टक्के: ८४२
- आरोग्य विम्याचा हप्ता: ५००
- व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा भाग), सीटीसीच्या १० टक्के: ३,५००

बेरीज ३५,००० होते. यातल्या पहिल्या तीनच ओळी दरमहा पगारपत्रकावर येतात. त्यांची बेरीज २८,०५८, हा तुमचा ग्रॉस. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ हिस्सा २,१०० आणि व्यवसाय कर २०० वजा केला की हातात २५,७५८ उरतात. पॅकेजच्या महिन्याच्या आकड्याच्या जेमतेम ७४ टक्के.

बाकीच्या ओळी कुठे जातात ते एकेक करून पाहू, कारण काही पैसे तुमचेच आहेत आणि काही मिळण्याची खात्री नाही.

पीएफचे दोन्ही हिस्से तुमच्याच नावाने जमा होतात. कायद्याने सक्तीचा पीएफ १५,००० रुपयांच्या वेतनापुरताच आहे, म्हणून अनेक कंपन्या दोन्हीकडून १,८०० च धरतात. याच उदाहरणात कंपनीने १,८०० चा पर्याय दिला आणि वाचलेले ३०० स्पेशल अलाउन्समध्ये टाकले, तर ग्रॉस २८,३५८ होतो आणि हातात २६,३५८ येतात. महिन्याला ६०० रुपयांचा फरक. रुजू होतानाच हा पर्याय विचारा, नंतर बदलून मिळेलच असं नाही.

पेन्शनचा भाग इथेच बघायला हवा. कंपनीच्या हिश्श्यातून दरमहा १,२५० रुपयांपर्यंत रक्कम कर्मचारी पेन्शन योजनेत वळते. पण १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफ सभासद होणाऱ्याचं बेसिक १५,००० च्या वर असेल, तर तो पेन्शन योजनेत बसत नाही आणि कंपनीचा पूर्ण हिस्सा पीएफमध्येच जायला हवा. पगार विभाग सवयीने १,२५० पेन्शनकडे वळवतो आणि ही चूक चार-पाच वर्षांनी पैसे काढताना किंवा ट्रान्सफर करताना उघड होते. तेव्हा दुरुस्तीसाठी जुन्या कंपनीच्या पाठी लागावं लागतं. पहिल्या दोन महिन्यांतच पीएफचं पासबुक उघडून पेन्शनचा रकाना बघितला तर एका ईमेलमध्ये काम होतं.

ग्रॅच्युइटी तुमच्या हातात सलग पाच वर्षं नोकरी केल्यावरच येते. ४.८१ टक्के हा आकडा १५ भागिले २६ दिवस, भागिले १२ महिने या सूत्रातून निघतो. दोन वर्षांत नोकरी बदलायचा बेत असेल, तर सीटीसीतली ही ओळ तुमच्यापुरती शून्य धरा. मुदतीच्या करारावर असलात तर मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार (नव्या कामगार कायद्यांनुसार) एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो.

व्हेरिएबल पे बद्दल दोन प्रश्न लेखी विचारा: गेल्या वर्षी तुमच्या पातळीवरच्या लोकांना किती टक्के दिला, आणि वर्षाच्या मधे नोकरी सोडल्यास तो मिळतो का? उत्तर ‘कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून’ एवढंच आलं, तर घरखर्चाच्या हिशेबात तो धरू नका. जॉइनिंग बोनसही सीटीसीत मिसळलेला असतो. तो पहिल्याच वर्षापुरता असल्याने दुसऱ्या वर्षी पगारवाढ होऊनही एकूण आकडा घटलेला दिसतो. शिवाय वर्षाच्या आत सोडलं तर तो परत द्यावा लागतो, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

बेसिक किती हेही पाहा. नव्या संहितांमध्ये वेतनाची व्याख्या अशी आहे की भत्ते आणि इतर वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. बेसिक ३० टक्क्यांवर ठेवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायची जुनी पद्धत त्यामुळे चालत नाही. बेसिक वाढलं की ग्रॅच्युइटी वाढते, आणि कंपनीने १,८०० ची मर्यादा ठेवली नसेल तर पीएफही वाढून हातातली रक्कम थोडी कमी होते.

प्राप्तिकराची काळजी या टप्प्यावर नको. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही.

पगार २१ हजारांच्या आत असेल तर हिशेब वेगळा

बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्यांच्या पहिल्या ऑफर बऱ्याचदा सीटीसीत नसतातच. ‘महिना अठरा हजार’ असं तोंडी सांगतात. तेव्हा पहिला प्रश्न: अठरा हजार ग्रॉस की हातात? ग्रॉस १८,००० आणि बेसिक १२,००० असेल तर पीएफचे १,४४० आणि कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआयसी) ०.७५ टक्क्यांनी १३५ कापले जातात. पुरुष असाल तर व्यवसाय कराचे २०० जाऊन १६,२२५ उरतात. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, म्हणून त्याच पदावरच्या मुलीला १६,४२५ मिळतात. फेब्रुवारीत हा कर २०० ऐवजी ३०० कापतात. वर्षाचे २,५०० पुरे करायचे असतात, ती चूक नव्हे.

ईएसआयसीचे १३५ रुपये वाया जातात असं वाटून काही जण ‘कापू नका’ सांगतात. तसं करू नका. २१,००० पर्यंत वेतन असलेल्यांसाठी कंपनी वर आणखी ३.२५ टक्के भरते आणि तुमच्यासह अवलंबून असलेल्या कुटुंबालाही उपचार मिळतात. आईवडिलांचा वेगळा आरोग्य विमा नसलेल्या घरात याची किंमत पगाराच्या आकड्यात दिसत नाही, पण ती मोठी आहे.

कोणाच्या पगारपत्रकावर?

चाकण, वाळूज, तारापूर, कुरकुंभ, अंबड, कुठल्याही एमआयडीसीत ‘अमुक कंपनीत लागलो’ आणि ‘अमुक कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलो’ यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ऑफर लेटरच्या वर कोणाचं नाव आहे ते पाहा. फाटकावर मोठ्या कंपनीची पाटी आणि कागदावर मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं नाव, असं असेल तर पीएफ, सुट्ट्या, पगारवाढ आणि अनुभवाचा दाखला हे सगळं एजन्सीकडून येणार. असं काम नाकारावंच असं नाही. बीएस्सी रसायनशास्त्र झालेल्या मुलाला औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात एचपीएलसी या रासायनिक चाचणीच्या यंत्रावर हात बसवायची संधी मिळत असेल, तर एजन्सीमार्फतचं एक वर्षही पुढे उपयोगी पडतं. त्याच कंपनीच्या पॅकिंग विभागात बारा तासांच्या पाळीत उभं राहून एक वर्ष काढलं, तर बायोडेटावर लिहायला काही उरत नाही. म्हणून ‘कुठली कंपनी’ याहून ‘कुठला विभाग आणि कुठलं यंत्र’ हे आधी विचारा.

कंपनी खरी आहे का, पीएफ भरते का, हे घरबसल्या कळतं. पीएफ कार्यालयाच्या (ईपीएफओ) संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला ते दिसतं. ‘आमच्याकडे तीनशे लोक’ सांगणाऱ्या कंपनीचा पीएफ अकरा जणांचा भरला जात असेल, तर बाकीच्यांना कसं ठेवलंय याचा अंदाज येतो. कंपनी नोंदणीकृत असेल तर लेटरहेडवर २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक असतो. सुरुवातीला यू किंवा एल, मग पाच आकडी उद्योग संकेतांक, मग महाराष्ट्रातल्या कंपनीसाठी एमएच, मग स्थापनेचं वर्ष. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो टाकून नाव जुळतं का बघा. बनावट ऑफर लेटरमध्ये बहुधा हा क्रमांक नसतो किंवा दुसऱ्याच कंपनीचा असतो. आणि नोकरीसाठी कोणी ‘सुरक्षा ठेव’, ‘लॅपटॉप शुल्क’, ‘ट्रेनिंग फी’ मागितली, तर रक्कम कितीही छोटी असली तरी तिथेच थांबा.

लेटर ऑफ इंटेंट म्हणजे नोकरी नव्हे

कॅम्पसमध्ये हाती येतं ते बऱ्याचदा इरादापत्र. त्यानंतर ऑफर लेटर आणि रुजू झाल्यावर नियुक्तिपत्र, असा क्रम आहे. २०२२ नंतर आयटीतल्या हजारो नवपदवीधरांना ऑफर हातात असूनही रुजू व्हायला महिनोन्‌महिने थांबावं लागलं. त्यामुळे कागदावर रुजू होण्याची तारीख नसेल तर दुसऱ्या मुलाखती थांबवू नका आणि पदव्युत्तर प्रवेशाची मुदत जाऊ देऊ नका. तारीख विचारणारा एक सभ्य ईमेल दर पंधरा दिवसांनी पाठवत राहा आणि उत्तरं जपून ठेवा.

आयटीत आणखी एक वस्तुस्थिती स्वीकारून पुढे जायला हवं. मोठ्या कंपन्यांच्या सरसकट भरतीतला सुरुवातीचा पगार गेली दहाहून जास्त वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. त्याच कंपन्यांत कोडिंगची वरची परीक्षा पास होणाऱ्यांना दुपटीच्या जवळपास किंवा त्याहून जास्त मिळतं. म्हणून तिसऱ्या वर्षापासून अभ्यास करायचा तो त्या वरच्या परीक्षेचा. आत गेल्यावर एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जायला वर्षं लागतात.

बाँडवर सही करण्याआधी

‘बाँड बेकायदेशीर असतो, काही होत नाही’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो धोक्याचा आहे. सार्वजनिक क्षेत्रातल्या विजया बँकेने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. खासगी कंपनीलाही प्रशिक्षणावर खरोखर खर्च झालेला असेल तर वाजवी भरपाई मागता येते. वाजवी किती, हा वादाचा मुद्दा. सही करण्याआधी मुदत किती, ती प्रशिक्षणापासून मोजतात की रुजू झाल्यापासून, रक्कम महिन्यागणिक कमी होते का, आणि कंपनीनेच काढलं तर काय, ही चार उत्तरं कागदावर घ्या. कोरा चेक देऊ नका. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र कोणाकडेही ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा आणि त्याच दिवशी परत घेऊन या.

नोटीस पिरियडही इथेच बघा. प्रोबेशनमध्ये ३० दिवस आणि कायम झाल्यावर ९० दिवस अशी पद्धत आयटीत रूढ आहे. पुढची नोकरी शोधताना हे ९० दिवस अडसर ठरतात, म्हणून उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, हे वाचून ठेवा.

ऑफर नसेल तर: अप्रेंटिसशिप

केंद्राच्या एनएटीएस पोर्टलवर पदवीधरांना एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळते. पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत शीवला आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. कंपन्या त्याहून जास्त देऊ शकतात आणि मोठ्या कंपन्या देतातही. अप्रेंटिस हा कायद्याने कर्मचारी नसतो, त्याचा पीएफ कापत नाहीत, आणि वर्षानंतर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० मिळतात. सुरुवातीला ६ महिन्यांची असलेली मुदत पुढे ११ महिने झाली. नोंदणी महास्वयंम पोर्टलवर होते. दोन्हीकडे जागा निवडताना पैशापेक्षा काम बघा. बीकॉमच्या मुलीला ग्रामपंचायतीत आवक-जावक नोंदवायला बसवणारी जागा आणि कर सल्लागाराकडे जीएसटीची विवरणपत्रं भरायला देणारी जागा, दोन्हीकडे पैसे जवळपास तेवढेच असले तर दुसरी घ्या.

सरकारी नोकरीशी तुलना करायची असेल तर नीट करा

राज्य सेवेत लिपिकाचं मूळ वेतन १९,९०० पासून, सहायक कक्ष अधिकारी आणि पोलिस उपनिरीक्षकाचं ३८,६०० पासून आणि उपजिल्हाधिकाऱ्याचं ५६,१०० पासून सुरू होतं. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि प्रवास भत्ता. बँकेत लिपिकाचं मूळ वेतन २४,०५० पासून आणि अधिकाऱ्याचं ४८,४८० पासून. मूळ वेतनाच्या साधारण दीडपट हातात येतं, हे खरंच आकर्षक आहे.

पण तयारीचा खर्चही त्याच वहीत लिहा. वरच्या उदाहरणातली २५,७५८ ची नोकरी सोडून एक वर्ष पुण्यात अभ्यासिकेत बसलात, तर न मिळालेले ३ लाख ९ हजार आणि खोली, मेस, अभ्यासिका, क्लास यांचा खर्च मिळून त्या वर्षाची किंमत होते. किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या तारखेला थांबायचं, हे सुरुवातीलाच घरच्यांसमोर लिहून ठेवा. बँक, रेल्वे, कर्मचारी निवड आयोग यांच्या परीक्षांचा गणित-बुद्धिमत्तेचा अभ्यास बराचसा सामाईक आहे, म्हणून एकाच परीक्षेला बांधून घेण्यापेक्षा हा गट धरणं शहाणपणाचं.

शहर बदलण्याआधीचा हिशेब

पुण्यात हातात २५,७५८ आणि खोली-मेसला १२,०००, येण्याजाण्याला २,०००, किरकोळ १,५०० धरले तर १०,२५८ उरतात. छत्रपती संभाजीनगरला घरी राहून वाळूजमध्ये ग्रॉस २०,००० ची नोकरी केली, बेसिक १२,००० असलं तर हातात १८,२१० येतात. घरी देणं, येणंजाणं आणि किरकोळ मिळून सहा हजार धरले तरी १२,२१० राहतात. पहिल्या वर्षी वाळूज पुढे आहे. तिसऱ्या वर्षी कोण पुढे, हे कामावर ठरतं, आणि म्हणून मुलाखतीतच विचारायचा प्रश्न असा: या पदावर दोन वर्षांपूर्वी आलेली व्यक्ती आज काय काम करते?

पुण्याला जाणार असाल तर निदान दीड महिन्याचा खर्च आणि खोलीची अनामत बरोबर न्या. पगार महिना संपल्यावर होतो, आणि कंपनीची पगाराची कटऑफ तारीख २० किंवा २५ असेल तर त्यानंतर रुजू झालेल्यांचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पगारासोबत येतो.

पहिली पगारपावती आली की

मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवं. पावतीवर यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ क्रमांक, आहे का, कापलेला पीएफ पासबुकात जमा झाला का, जन्मतारीख आणि नाव आधारशी अक्षरशः जुळतं का, एवढं बघा. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने पुढे पीएफचे दावे अडकतात. ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, त्याच दिवशी भरून टाका.

१ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदाच पीएफमध्ये नोंद झाली असेल आणि वेतन एक लाखाच्या आत असेल, तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेतून एका महिन्याच्या पीएफ वेतनाएवढी, जास्तीत जास्त १५,००० रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळू शकते. पहिला हप्ता ६ महिने नोकरी टिकल्यावर आणि दुसरा १२ महिन्यांनी, ऑनलाइन आर्थिक साक्षरता कार्यक्रम पूर्ण केल्यावर. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. पाचव्या महिन्यात नोकरी बदलायचा विचार असेल, तर ही तारीख आधी कॅलेंडरवर पाहा.